समुपदेशक बसतो कुठे?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे निर्देश दिले, आणि समुपदेशनाविषयीचा आपल्याकडचा जुना वाद पुन्हा सुरू झाला. एका बाजूचे म्हणणे असे की, पैसे देऊन परक्या माणसापुढे मन मोकळे करणे ही पाश्चात्त्यांची गरज आहे, कारण त्यांच्याकडे कुटुंब उरलेले नाही. दुसरी बाजू म्हणते की, तिकडे हवा त्याला समुपदेशक मिळतो आणि आपण मात्र अजून 'मन घट्ट कर' इथेच अडकलो आहोत. मजेची गोष्ट अशी की, दोन्ही बाजू साक्षीला परदेशालाच बोलावतात. ज्या परदेशाला बोलावले जाते, त्या इंग्लंडमध्ये मी बरीच वर्षे राहतो आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा आयुष्यभराचा संधिवात घेऊन तिथल्या रुग्णालयांच्या फेऱ्या मारतो. त्यामुळे ही साक्ष थोडी तपासून पाहण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालतो.

दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटलेला एक मोठा वर्ग आहे. हे लोक मन दुखते म्हणून कुणाकडे जात नाहीत. ते सांधे, मूत्रपिंड, आतडी, भाजलेली कातडी किंवा परत उलटलेला कर्करोग घेऊन रुग्णालयात येतात. शरीराचा आजार आणि मनावरचा आघात यांचे नाते किती जवळचे असते, हे १९९८ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो येथील एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. बालपणी मारहाण, अत्याचार, हेळसांड किंवा घरातले व्यसन अनुभवलेल्या प्रौढांमध्ये हृदयविकार, फुप्फुसांचे विकार, कर्करोग यांचे प्रमाण अधिक आढळले आणि असे अनुभव जितके जास्त, तितका धोका जास्त, असे त्यातून दिसले. उलट दिशेने आजार हाच आघात ठरतो, हेही आता मान्य झालेले आहे. अतिदक्षता विभागातून जिवंत बाहेर पडलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला पुढचे अनेक महिने आघातोत्तर तणावाचा त्रास होतो. गुंगीत पाहिलेली भयंकर दृश्ये, बांधून ठेवलेले हात, घशातली नळी आणि बोलता न येण्याची भीती हे सारे घरी परत येते, आणि 'आता बरा झालास ना' म्हणणाऱ्या माणसांत ते सांगायची सोय नसते. युरोपातल्या काही अतिदक्षता विभागांत परिचारिका आणि नातेवाईक रुग्णासाठी रोजची वही लिहितात. त्या हरवलेल्या दिवसांत प्रत्यक्षात काय घडले ते रुग्णाला नंतर वाचता यावे, हा त्यामागचा हेतू असतो. या वहीने लक्षणे खरोखर कमी होतात का, याविषयीचे पुरावे संमिश्र आहेत. तरीही मला ती पद्धत आवडते, कारण रुग्णाला घडलेल्या गोष्टीची हकिकत जाणून घेण्याचा हक्क आहे, एवढे तरी ती कबूल करते.

आता इंग्लंडची गोष्ट. इथल्या सरकारी आरोग्यसेवेने २००८ पासून बोलून करायच्या उपचारांची देशव्यापी सेवा उभी केली. डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी स्वतः नाव नोंदवता येते आणि पैसे पडत नाहीत. नैराश्य किंवा चिंता असलेल्या धडधाकट माणसाला त्याचा उपयोग होतो, हे आकड्यांवरून दिसते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण दीर्घ आजाराचा माणूस त्या दारातून आत गेला की, सेवेची शिवण कुठे उसवली आहे ते दिसू लागते. प्रत्येक भेटीआधी एक प्रश्नावली भरावी लागते. तिच्यात झोप नीट लागते का, थकवा येतो का, भूक कशी आहे, हालचाली मंदावल्या आहेत का, असे प्रश्न असतात, आणि त्या उत्तरांच्या बेरजेवरून नैराश्याचा अंक ठरतो. सांधे सुजलेल्या माणसाचा हा अंक नुसत्या सुजेनेच वर जातो. माझ्याबाबतीत संधिवाताचे इंजेक्शन लागू पडले आणि अंक खाली आला. सेवेच्या हिशेबात ते बहुधा समुपदेशनाचे यश म्हणून जमा झाले असावे. समोरची व्यक्ती सौम्य होती, वेळ पाळणारी होती. पण आजार अचानक उसळतो तेव्हा आठवडाभराचे सगळे बेत का कोसळतात, हे तिला पहिल्यापासून समजावून सांगावे लागे, आणि ते सांगण्यातच भेट संपे. सेवेवर उद्दिष्टांचे दडपणही असते. पहिली भेट सहा आठवड्यांत तीन चतुर्थांश लोकांना मिळाली पाहिजे, असा दंडक आहे, म्हणून पहिली भेट लवकर मिळते. दुसरीसाठी किती थांबावे लागेल, याची तेवढी काळजी कुणाला नसते.

याहून गंभीर प्रकरण मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे दीर्घकालीन थकव्याच्या आजाराचे आहे, आणि समुपदेशनाची आयात करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते अभ्यासायला हवे. या आजारात थोड्याशा श्रमानंतर, कधी एका दिवसाच्या अंतराने, माणूस कोलमडतो, आणि नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २००७ साली यावर क्रमाक्रमाने वाढवत न्यायचा व्यायाम आणि विचार-वर्तन उपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलू पाहणारे समुपदेशन, सुचवले. त्यामागची एक प्रभावी धारणा अशी होती की, रुग्णाची श्रमाविषयीची भीती आणि आजाराविषयीच्या चुकीच्या समजुती हाच आजार टिकवून धरतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने त्या धारणेला बळ दिले. रुग्ण मात्र सांगत राहिले की, व्यायामाने आमची अवस्था खालावते आहे. त्यांतल्या अनेकांचे हे सांगणेही समजुतीतलाच दोष म्हणून नोंदले गेले. पुढे त्या चाचणीच्या पद्धतीवर संशोधकांनीच कठोर टीका केली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी तत्त्वे आली. त्यांत तसा व्यायाम देऊ नये असे म्हटले आहे, आणि विचार-वर्तन उपचार हा या आजारावरचा इलाज नाही, आजार सोसताना आधार म्हणून हवा असेल तर तो द्यावा, असे स्पष्ट केले आहे.

त्या चौदा वर्षांत उपचार करणारे लोक निर्दय होते असे मला वाटत नाही. त्यांच्यातले बहुतेक मृदू बोलणारे, ऐकून घेणारे आणि मनापासून मदत करू पाहणारे असणार. उणीव होती ती विश्वासाची. समोरचा सांगतो ते त्याच्या शरीरात खरोखर घडते आहे, हे आधी न मानता दाखवलेली अनुकंपा रुग्णाला दुहेरी एकटे पाडते, कारण रागावायलाही जागा उरत नाही. आपल्याकडे हीच गोष्ट कमी मृदू स्वरात घडते. रिपोर्ट नॉर्मल आले की 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असे सांगून केसपेपर परत दिला जातो, आणि तो परत घेणाऱ्यांत बायका अधिक असतात, असे माझे निरीक्षण आहे. उद्या त्याच दाराबाहेर समुपदेशक बसवला आणि 'टेन्शन' कमी करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले, तर आपण इंग्लंडची चूक इंग्लंडच्याच पद्धतीने पुन्हा करू.

मला इंग्लंडमध्ये मिळालेले सर्वांत चांगले समुपदेशन समुपदेशन या नावाने मिळालेच नाही. संधिवात विभागात विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांची एक फोनसेवा असते. निरोप ठेवला की त्या उलट फोन करतात. कोणते सांधे सुजलेत, कोणते औषध चुकले, हे विचारता विचारता त्या 'यामुळे हल्ली काय करायचे सोडून दिले आहे?' असेही विचारतात. या प्रश्नाला मी जे उत्तर दिले, ते त्या आठवड्यांच्या समुपदेशनात मी दिले नव्हते. परिचारिकेला आजार ठाऊक होता, म्हणून मला तो सिद्ध करावा लागला नाही. आणि गोळीचे प्रमाण आणि मनातली धास्ती एकाच संभाषणात मावत होती. माझे मत त्या अनुभवावरून बनत गेले आणि पुढच्या वाचनाने पक्के झाले: आघात आणि दीर्घ आजार यांतून सावरणाऱ्यांसाठीचे समुपदेशन त्या आजाराच्या विभागातच, त्या आजाराची माहिती असलेल्या माणसाकडून मिळायला हवे. देशात मनोविकारतज्ज्ञ किती कमी आहेत, यावर आपण वर्षानुवर्षे बोलतो, आणि ते कमी आहेतच. पण त्यांची संख्या उद्या दुप्पट झाली तरी डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसापर्यंत त्यांतला एकही आपोआप पोहोचणार नाही.

आणि यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारणच नाही, हे मला परदेशात राहून उमगले. भारताच्या सरकारी रुग्णालयांत दोन दशकांहून अधिक काळ समुपदेशक बसत आले आहेत. ते एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात आणि एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, बसतात. तपासणीआधी बोलतात, निदानानंतर बोलतात, औषधे सुटू नयेत म्हणून बोलतात, जोडीदाराला कसे सांगायचे यावरही बोलतात. त्या बोलण्याच्या गोपनीयतेला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचे संरक्षणही आहे. दुसरे उदाहरण मुंबईचे. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले. घरात मारहाण सोसणारी स्त्री पोलिसांकडे किंवा मानसोपचाराकडे जाण्याआधी अपघात विभागात येते, कधी हाड मोडलेले असते, कधी विष घेतलेले असते. तेव्हा तिला तिथेच ओळखावे आणि त्याच इमारतीत समुपदेशकापर्यंत पोहोचवावे, ही त्यामागची कल्पना होती. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही ती नेली गेली. तिसरे उदाहरण विदर्भातल्या 'विश्राम' प्रकल्पाचे. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या साहाय्याने तिथे नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. ही तीनही कामे आपली आहेत, सार्वजनिक क्षेत्रातली किंवा त्याच्या लगतची आहेत, आणि 'आपल्याकडे हे चालणार नाही' म्हणणाऱ्यांच्या लेखांत ती सापडत नाहीत. खरे तर 'तिकडे बघा' म्हणणाऱ्यांच्या लेखांतही नाहीत.

कुटुंबाच्या युक्तिवादाला मात्र हसण्यावारी नेऊ नये. इंग्लंडमध्ये केमोथेरपीला एकट्याने येणारी आणि एकट्याने टॅक्सीने परत जाणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि आपल्याकडे रुग्णाभोवती असणारी चार माणसे ही केवढी शक्ती आहे, ते तेव्हा कळते. पण तीच चार माणसे ओपीडीत रुग्णाच्या वतीने उत्तरे देतात. आघात घरातच झाला असेल, तर रुग्णाला बोलायला जागाच राहत नाही. आणि वर्षानुवर्षे सेवा करणारी सून, मुलगी किंवा पत्नी स्वतः खचलेली असते, तिला कुणी विचारत नाही. इंग्लंडच्या २०१४ च्या केअर कायद्याने अशा काळजीवाहकाला स्वतःच्या गरजांचे मूल्यांकन करून घेण्याचा हक्क दिला आहे. अंमलबजावणी तोकडी आहे, पण कल्पना घेण्यासारखी आहे. कुटुंबाची थोरवी गाणाऱ्यांनी तर ती आधी उचलायला हवी.

पैशाचा प्रश्न थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच विमाछत्राखाली घेण्यास सांगितले. पण आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी मुळात रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतात, आणि समुपदेशनासाठी कुणी दाखल होत नाही. समानता कागदावर मिळाली आणि रुग्णाच्या हाती काही आले नाही.

राहिला प्रश्न दर्जाचा. परदेशात समुपदेशकाला कडक परवाना लागतो, असा आपल्याकडे समज आहे. इंग्लंडमध्ये 'समुपदेशक' ही पदवी कायद्याने संरक्षित नाही; उद्या कुणीही पाटी लावू शकतो. या बाबतीत भारताचा २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा, ज्यात समुपदेशकांचाही समावेश आहे, कागदावर तरी पुढे आहे. इंग्लंडकडून घेण्यासारखी खरी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे पर्यवेक्षण. तिथल्या समुपदेशकांच्या प्रमुख व्यावसायिक संघटनेचा नियम असा की, मान्यताप्राप्त समुपदेशकाने, तो कितीही अनुभवी असो, महिन्याला किमान दीड तास दुसऱ्या जाणत्या समुपदेशकापुढे आपले काम मांडले पाहिजे: कुठे अडलो, कुणाचे ऐकताना मन उडाले, कुणाच्या दुःखाने रात्री झोप लागली नाही. आघाताच्या कहाण्या रोज ऐकणारा माणूस स्वतः बधिर होतो किंवा मोडतो, आणि बधिर झालेल्या माणसाकडे अनुकंपा मागणे व्यर्थ आहे. आपल्याकडचे एचआयव्हीचे समुपदेशक वर्षानुवर्षे कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनात काम करतात. त्यांच्याकडून नोंदवह्या नियमित मागितल्या जातात, पण त्यांचे ऐकायला कुणी नेमलेले नसते.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. जिल्हा रुग्णालयांच्या कर्करोग, डायलिसिस आणि जळीत विभागांत समुपदेशकांच्या जागा निर्माण करताना पर्यवेक्षकाच्या जागाही त्याच आदेशात निर्माण कराव्यात, आणि त्या भरण्यासाठी नव्या पदवीधरांची जाहिरात काढण्याआधी एआरटी केंद्रांत आणि 'दिलासा'त पंधरा-वीस वर्षे काढलेल्यांना विचारावे. मृत्यूची भीती, कलंक, घरच्यांपासून लपवलेला आजार आणि आयुष्यभराची गोळी या चारही गोष्टींवर रोज बोलण्याचा एवढा अनुभव महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांना कायम नोकरी द्यावी लागेल, हे खरे; अडेल तर ते तिथेच अडेल.