"२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन जगात कुठंबी उडवा" म्हणणाऱ्या भाऊंसाठी

आपल्या शूटिंगवाल्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लय फिरून राहिला. त्यात लिहिलं हाय की २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन म्हणजे खेळणं, त्याले जगात कुठंच रजिस्ट्रेशन लागत नाही, आपल्या ड्रोनचा इथला रजिस्ट्रेशन नंबर अन् पायलट सर्टिफिकेट असलं तं बाहेर बी चालते, टुरिस्टले कोणी विचारत नाही, अन् वरून तिकडं ड्रोन स्वस्त भेटते तं येताना घेऊनच या. प्री-वेडिंगच्या पार्ट्या आता थायलंड-दुबईले जाऊन राहिल्या, म्हणून लिहितो.

पहिले वजनाचं. यात थोडं खरं हाय, ते बी काही देशांपुरतं. अमेरिकेत हौस म्हणून उडवत असान अन् ड्रोन २५० ग्रॅमच्या खाली असंन तं रजिस्ट्रेशन लागत नाही. पण ट्रस्ट नावाची फुकटातली ऑनलाइन टेस्ट सगळ्याईले द्याच लागते, वजन किती बी असो. अन् पैसे घेऊन नवरा-नवरीचं शूट केलं की हौस संपली ना भाऊ, मग पार्ट १०७ म्हणजे तिथले धंद्याच्या ड्रोनचे नियम लागतात, त्यात रजिस्ट्रेशन बी आलं अन् परीक्षा देऊन लायसन्स बी, ड्रोन २४९ ग्रॅमचा असला तरी. टुरिस्ट व्हिसावर कमाई करणं हा तं वेगळाच लफडा, त्यात मी पडत नाही.

जपानात २० जून २०२२ पासून १०० ग्रॅमच्या वरचा कोणताबी ड्रोन रजिस्टर करा लागते. गंमत अशी की त्याच्या आधी तिथं हद्द २०० ची होती, म्हणून डीजेआय या ड्रोन कंपनीनं मॅविक मिनी खास जपानसाठी छोटी बॅटरी टाकून १९९ ग्रॅमचा काढला होता, आता तो बी नियमात आला. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२६ पासून हेच झालं, १०० ग्रॅमपासून फ्लायर आयडी म्हणजे उडवणाऱ्याचा नंबर, अन् ड्रोनले कॅमेरा असला तं ऑपरेटर आयडी म्हणजे मालकाचा नंबर बी. अन् तुमचा डीजेआयचा मिनी खरंच २४९ चा हाय का ते बी पहा, जास्त वेळ उडाव म्हणून प्लस बॅटरी लावली की तो २५० च्या वर जाते, हे विकणारा सांगत नाही.

युरोपात तं वजनाच्या मागं लपताच येत नाही. २५० च्या खालचा असला पण कॅमेरा हाय, अन् तो पोरांचं खेळणं म्हणून बनवलेला नाही, तं मालकाले ऑपरेटर म्हणून नोंदणी करा लागते. आता बिनकॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन पॅरिसले कोण जाईन बाप्पा? सोय एवढीच की ज्या देशात पहिले उडवणार तिथं ऑनलाइन नोंदणी केली की तोच नंबर बाकी युरोपियन युनियनमध्ये चालते, फक्त ड्रोनवर चिकटवा लागते. उंची १२० मीटर, अन् गर्दीच्या डोक्यावर नाही म्हणजे नाहीच.

आता "इंडियाचा नंबर चालते" हे. का म्हणून चालंन? ज्याची जमीन त्याचं आभाळ, अन् आभाळ ज्याचं त्याचा कायदा. दुसऱ्याच्या वावरात उभं राहून आपला सातबारा दाखवल्यासारखं हाय हे. आपल्याकडं फवारणीच्या ड्रोनचं सर्टिफिकेट काढलेले पोट्टे हायेत, नमो ड्रोन दीदीवाल्या ताया हायेत, त्यांची मेहनत खरी हाय, पण युरोपवाले बाहेरच्या देशाचं पायलट सर्टिफिकेट मानत नाहीत, ज्या ड्रोनले परीक्षा लागते त्याची परीक्षा त्यांच्याकडंच द्या लागते.

"टुरिस्टले कोणी विचारत नाही" हे तं सगळ्यात धोक्याचं. मोरोक्कोत पर्यटकाचा ड्रोन विमानतळावरच कस्टमवाले ठेवून घेतात. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्यानं संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीशिवाय ड्रोन आणणं हाच गुन्हा, उडवणं तं लांबच. दुबई ज्यात येते त्या यूएईनं जानेवारी २०२२ मध्ये अबू धाबीवर हल्ला झाल्यावर हौशी लोकांचं उडवणं बंदच केलं होतं, ढील द्याले बरीच वर्षं लागली. थायलंडमध्ये कॅमेरा असला की रजिस्ट्रेशन, अन् विमा बी लागते. वरून जुलै २०२५ मध्ये कंबोडियासोबत भांडण पेटलं तेव्हा त्याईनं देशभर ड्रोन बंद केले होते. म्हणून मागच्या वर्षी एखाद्याचं जमलं म्हणून यंदा बी जमंन असं नसते, तिकीट काढाच्या आधी त्या देशाच्या विमान खात्याची साइट उघडून पहा.

बॅटऱ्या हॅंडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही, एवढं तं सगळ्याईले माहीत असंन.

राहिलं स्वस्तातला ड्रोन घेऊन याचं. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर आपल्याच सरकारची बंदी हाय, सूट फक्त संशोधन, संरक्षण अन् सुरक्षेच्या कामाले, तेबी परवानगी घेऊन. म्हणजे दुबईत वाचवलेले पैसे अन् ड्रोन, दोन्ही नागपूरच्या कस्टमवर ठेवून यवतमाळची एसटी पकडाची. अन् आपलाच जुना ड्रोन नेत असान तं जाताना कस्टमले दाखवून सिरियल नंबरसहित एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाही तं येताना हा इथूनच नेला होता हे कोणत्या कागदावर दाखवसान?