फ्रेम विकायचीय? आधी टेप लपवून ठेवा

जुनी स्टीलची सायकल फ्रेम माळ्यावर पडलीय, दिवाळीची साफसफाई आलीय आणि घरात "ते भंगार काढा एकदाचं" सुरू झालंय. भंगारवाल्याला किलोवर घालायला जीव होत नाही. मग जाहिरात टाका. ती कशी टाकायची याची सांगली-मिरजेत एक परंपरा तयार झालीय, तेवढी मोडू नका.

आधी फोटो. फ्रेम भिंतीला टेकवा. भिंत शक्यतो फ्रेमच्याच रंगाची बघा. बाजू डावी, म्हणजे चेन नसलेली. वेळ सातनंतरची, उजेड ट्यूबलाइटचा, कोपऱ्यात अर्धी वॉशिंग मशीन आलीच पाहिजे. चिमट्याचे (पुढचं चाक धरतो तो), बीबीच्या (पॅडलचा आस जिथे फिरतो ती आडवी नळी) खालचे, मागच्या ड्रॉपआउटचे (चाकाचा आस बसतो त्या खाचा) फोटो मागणारा माणूस घेणारा नसतोच. त्याला उत्तर देऊ नका.

वर्णनात "व्हिंटेज" लिहा. एवढंच लिहा.

"दुर्मिळ"सुद्धा चालतं. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, आणि तेव्हापासून दुधाच्या किटल्या वाहून वाकलेली प्रत्येक काळी सायकल अँटिक झाली आहे. त्यावर कुठून तरी रेनॉल्ड्स ५३१ चं, म्हणजे पातळ पत्र्याच्या नावाजलेल्या इंग्लिश नळ्यांचं, स्टिकर मिळालं तर लावून टाका. १९३५ पासूनचं नाव आहे, वजन पडतं. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर आणि आत सीट पोस्ट (सीट धरणारी दांडी) बसतो २५.४ चा, म्हणजे नळीचा पत्राच दीड मिलिमीटर जाड, म्हणजे ती ५३१ असूच शकत नाही, असला हिशेब कोण करत बसतंय?

किंमत: "इनबॉक्स".

आता मापं. "साइझ किती?" असं कुणी विचारलं की "सव्वीस" म्हणायचं. सव्वीस हे चाकाचं माप आहे, ते असू दे. "चाकाची नव्हे, फ्रेमची?" "सव्वीसच की. स्टँडर्ड." हे स्टँडर्ड कुठल्या झाडाला लागतं ते एकदा दाखवा राव. बीबीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत टेप धरायचा आणि आलेला आकडा लिहायचा. २०, २२, २४ इंच; सेंटिमीटरमध्ये ५१, ५६, ६१. झालं. चोवीसच्या फ्रेमवर सव्वापाच फुटी माणूस दोन्ही पाय टेकवून उभा राहिला की दांडा कुठे लागतो हे सांगायला नको. मग दांड्याची लांबी, मध्यापासून मध्यापर्यंत. मग सीट पोस्टचा व्यास. तो पोस्टवर ठोकलेला असतो, नुसता वाचायचाय! पोस्ट हरवला असेल तर कुपवाडच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे व्हर्निअर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) मिळतो. २६.८ आणि २७.२ यांत अर्धा मिलिमीटरही फरक नाही, पण मोठा आत जात नाही, आणि लहान घालून बोल्ट आवळत बसलं की लगचे (नळ्या जोडणारी लोखंडी बाही) कान आत वाकतात आणि एक दिवस तुटतात. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर घ्या: १२० म्हणजे पाच गिअरचा जमाना, १२६ सहा-सातचा, १३० रोड सायकलचं, १३५ एमटीबीचं, म्हणजे डोंगरी सायकलचं. स्टील आहे म्हणून १२६ चं १३० करता येतं, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर ओढून. पण मुळात १२६ आहे हे तरी कळू द्या. बीबीची रुंदी ६८ की ७०? ६८ ची इंग्लिश असेल तर उजवा कप (बीबीत आवळायची, छर्रे धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा, ७० ची इटालियन असेल तर दोन्ही सुलटे. हे न कळता मिस्त्रीने पान्याला पाइप लावला की आटे गेले. पाच आकडे आहेत. पाच मिनिटं लागतात. त्याऐवजी विटा-तासगावकडचा माणूस पेट्रोल जाळून येतो, गल्लीत तीनदा चुकतो, आणि समोर येते अठरा इंची फ्रेम. वर तुमचं ठरलेलं वाक्य: "बसंल की ओ, सीट वर घ्या." सीट वर घ्या! दांडा लांब होतो का सीट वर घेतल्यावर?

असो. शांतपणे पुढे जाऊ.

ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत गंजून कायमचा अडकला असेल तर लिहा, "सीट पोस्ट फ्री".

२०१९ च्या पुरात फ्रेम आठवडाभर पाण्यात होती, हे बोलायचं नाही. बाहेरून पुसली की झालं. आतला गाळ वाळून चेनस्टेमध्ये (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) बसलाय आणि नळी आतून गंजतेय, ते घेणाऱ्याला एखाद्या पावसाळ्यानंतर कळेलच. पोस्ट काढून, फ्रेम उलटी धरून लाकडी दांड्याने टकटक केली की तपकिरी भुकटी पडते, हे त्याला माहीत नसावं अशी गणपतीला प्रार्थना करा.

पावडर कोटिंग जरूर करा, तेही आटे न झाकता, म्हणजे बीबीचा कप धरणारच नाही. शिवाय खालचा फ्रेम नंबर बुजतो. बिल नसलेल्यांची तेवढीच सोय.

आणि फ्रेमने समोरून धडक खाल्ली असेल तर लांबी (पुटी) भरा, वरून स्प्रे मारा आणि "ओरिजिनल कलर" लिहा.

अहो, त्यावर माणूस बसणार आहे. कुणाचं तरी पोरगं यवतेश्वरचा घाट उतरणार आहे. हेड लगच्या मागे, खालच्या नळीच्या पोटावर बोट फिरवलं की सुरकुती हाताला लागते. तिथेच चीर जाते. लांबी भरलेल्या जागी लोहचुंबक चिकटत नाही. एका ड्रॉपआउटपासून दोरा हेड ट्यूबला (हँडलखालची उभी नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणला आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आलं नाही, तर फ्रेम वाकडी आहे. हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणूनच डाव्या बाजूचा फोटो असतो आणि म्हणूनच ट्यूबलाइट. वाकडी आहे तर वाकडी लिहा, पैसे कमी घ्या. चीर असेल तर विकू नका, कापून टाका. लाज वाटायला पाहिजे.

आणि तो चिमटा वेगळा काढून कोण घालतं भंगारात? आट्यांचा चिमटा त्या हेड ट्यूबच्या उंचीला कापलेला असतो. दुसरा आणला आणि तो आखूड निघाला तर वरचा नट धरत नाही. लांब निघाला तर आटे खालपर्यंत पुरत नाहीत. मग फ्रेम घेणारा सहा महिने चिमटा शोधत फिरतो. घातला असेल तर आजच जा आणि परत आणा. ढिगात वरच असेल अजून.