ज्योत पाहणारा सेन्सर विषारी वायू पाहत नाही

'गॅस गीझरबद्दलच्या अफवांना बळी पडू नका' असा मथळा असलेला मेसेज थंडी पडली की फिरायला लागतो. गीझर बाथरूमच्या आत असला तरी धोका नाही, असं तो सांगतो. यंदा तो माझ्या मुलुंडच्या आत्याकडे पोचला आणि तिने गीझर बाथरूमच्या आतच बसवायचं प्लंबरला सांगूनही टाकलं. तिचं बाथरूम चार बाय पाच फुटांचं. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या कबुतरांच्या त्रासाने कायमच्या बंद. म्हणून त्या मेसेजमधल्या एकेका मुद्द्याला इथे उत्तर देतेय. ज्यांनी तो पुढे पाठवलाय त्यांनी हेही पाठवावं.

मेसेजचा पहिला दावा असा, की नव्या गीझरमध्ये सेन्सर असतो आणि धोका निर्माण होताच गॅस आपोआप बंद होतो. सेन्सर असतो, हे खरं. तो काय पाहतो, ते मेसेजमध्ये नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, स्विच लागतो, सेलवर ठिणगी पडते, व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो. बर्नरजवळची छोटी सळई ज्योत आहे की नाही एवढंच पाहते. ज्योत विझली तर व्हॉल्व्ह बंद, म्हणजे न जळलेला गॅस घरात पसरू नये. दुसरा सेन्सर पाणी प्रमाणाबाहेर तापलं तर बंद करतो. काही गीझर सलग २० मिनिटं चालले की थांबतात. यातलं काहीही कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गॅस अर्धवट जळला की तयार होणारा विषारी वायू, मोजत नाही. हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळत असला तरी ज्योत असतेच, त्यामुळे त्या सळईच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद होणारी यंत्रणा काही उपकरणांत असते, पण तीही ऑक्सिजन पाहते, विषारी वायू नाही. बर्नरवर काजळी धरली असेल तर हवा पुरेशी असूनही कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

आणि हवा पुरेशी नसतेच. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर तासाला साधारण सव्वा घनमीटर पाइपचा गॅस खातो, आणि एका घनमीटर गॅसला जवळपास दहा घनमीटर हवा लागते. म्हणजे २० मिनिटांत चार घनमीटर. आत्याच्या बाथरूममध्ये एकूण हवाच साडेचार घनमीटर आहे, आणि आत माणूसही श्वास घेत असतो. ज्योत बिघडायला ती सगळी हवा संपावी लागत नाही, त्याच्या कितीतरी आधी ती बिघडते.

'वास आला नाही तर घाबरू नका' हे वाक्य माणूस मारणारं आहे. आपल्याला येतो तो गॅसचा वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा असतो, तोही गळती झाली तरच. गॅस पेटला की मर्कॅप्टन त्याच ज्योतीत जळून जातं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, चव नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. माणसाला वाटतं पित्त झालं, नाहीतर बीपी कमी झालं. तो दोन मिनिटं खाली बसतो आणि मग त्याला कडी काढायला उठता येत नाही.

सगळ्यात संताप आणणारा उपाय म्हणजे बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली ठेवा, ती विषारी वायू शोषून घेते. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतो. हवेत तो जितका आहे त्याच्या दोन-अडीच टक्के एवढाच तेवढ्याच पाण्यात उतरतो. २० लिटरची बादली फार तर अर्धा लिटर हवेतला वायू घेईल, आणि खोलीत हवा आहे साडेचार हजार लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातल्या हवेसाठी मर्यादा घालून दिल्या. १५ मिनिटांसाठी घनमीटरला १०० मिलिग्रॅम, तासाभरासाठी ३५. म्हणजे त्या बाथरूममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा जास्त झाला. ज्यांनी बादलीचा उपाय लिहिला त्यांनी हा हिशेब एकदा करायला हवा होता, कारण लोक बादली भरून ठेवतात आणि निर्धास्तपणे दार लावून घेतात.

पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि सिलिंडरचा जड, हे मेसेजमध्ये बरोबर लिहिलंय. गळतीच्या बाबतीत त्याला अर्थही आहे. पण जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेच्या जवळपास असतं आणि तो खोलीभर मिसळतो. मग गॅस पाइपचा असो की सिलिंडरचा. एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, हा मेसेजमधला मुद्दाही अर्धाच खरा. दाराखालून किंवा खिडकीतून ताजी हवा आत यायला वाट नसेल तर फॅन बाहेर ढकलणार काय? गीझरला धुराडं असेल तर उलट त्यातलाच धूर तो आत ओढू शकतो.

'अमेरिकेत घरोघरी गॅसची भट्टी असते, तिथे कोणी मरत नाही,' असंही त्यात आहे. तिथल्या घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर नळीने घराबाहेर जातो. नव्या भट्ट्यांत तो खरोखर बाहेर ओढला जातोय की नाही हे दाबाचा स्विच आधी तपासतो आणि मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. बर्नरची ज्योत बाहेर आली किंवा भट्टी फार तापली तर बंद करणारे स्विच वेगळे. अनेक राज्यांत घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कायद्याने सक्तीचा आहे. एवढं असूनही तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, सीडीसीच्या, म्हणण्यानुसार आग न लागता नुसत्या या वायूने दरवर्षी ४०० हून अधिक माणसं मरतात. आपल्या भिंतीवरच्या गीझरला बहुतेक वेळा धुराडंही नसतं.

गीझर ड्राय बाल्कनीत किंवा गॅलरीत बसवा आणि गरम पाण्याची नळी आत न्या. आधीच आत बसवलेला असेल तर तो हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, खोलीत हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

शेवटचा मुद्दा ऑक्सिमीटरचा. कोविडपासून तो घरोघरी आहे, आणि मेसेज सांगतो की चक्कर आली तर बोटाला लावा, ९५ च्या वर असेल तर काळजी नको. या विषबाधेत साधा ऑक्सिमीटर फसतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटल्यासारखंच दिसतं, त्यामुळे माणूस बेशुद्धीच्या कडेवर असतानाही आकडा ९८ येऊ शकतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. म्हणून माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा, गीझर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. हॉस्पिटलमध्ये पोचताच पहिलं वाक्य हेच सांगा, की बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता. त्यावरूनच डॉक्टरांना कळेल, की बोटावरचा आकडा बाजूला ठेवून रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासायचा आहे.