नोर्डलिंगेनचा तट ही उल्काविवराची कडा नव्हे

जर्मनीच्या बव्हेरियातील नोर्डलिंगेन या छोट्या शहराचे आकाशातून टिपलेले छायाचित्र एका मजकुरासह सर्वत्र फिरते आहे. लाल कौलांच्या घरांभोवतीचा वाटोळा तट ही उल्कापाताने पडलेल्या खड्ड्याची कडा आहे, म्हणूनच शहर गोल आहे आणि तेथील घरे कोट्यवधींच्या हिऱ्यांनी मढलेली आहेत, असे त्यात म्हटलेले असते.

शहर उल्काविवरात आहे, एवढे खरे. परंतु त्या रीस विवराचा व्यास सुमारे २४ किलोमीटर आहे, तर तटाची पूर्ण प्रदक्षिणाच जेमतेम २.७ किलोमीटरची, म्हणजे त्याचा व्यास एक किलोमीटरही भरत नाही. आपले लोणारचे विवर १.८ किलोमीटर रुंद आहे. तटासकट सगळे जुने नोर्डलिंगेन त्यात सहज मावेल आणि रीसमध्ये तशी तेरा लोणारे एका ओळीत बसतील. शिवाय शहर विवराच्या मध्यावर नसून नैर्ऋत्येकडे आहे. विवराची खरी कडा म्हणजे दूरवरच्या टेकड्या, आणि त्या चित्राच्या चौकटीत त्या येतच नाहीत.

तटाच्या गोलाईचे मूळ शहराच्या वाढीत आहे. आधीचा तट लहान होता आणि त्याचे वळण आतल्या रस्त्यांत आजही ओळखू येते. वस्ती त्याबाहेर पसरल्यावर, १३२७ मध्ये जर्मन राजा लुडविग द बव्हेरियन याच्या आज्ञेवरून, तिला कवेत घेणारा नवा तट बांधायला घेतला गेला. सपाट मैदानात कमीत कमी भिंतीत जास्तीत जास्त जागा वेढायची, तर तट वर्तुळाकडेच झुकणार. बांधणाऱ्यांना विवराची कल्पना असणे तर शक्यच नव्हते, कारण १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी तेथील खडकात कोएसाइट हे उल्केच्या आघाताची साक्ष देणारे खनिज दाखवेपर्यंत बहुतेक भूवैज्ञानिकही या खळग्याला ज्वालामुखीचेच काम समजत होते.

अपोलो या चंद्रमोहिमेच्या अंतराळवीरांनी १९७० मध्ये येथे खडकांचा अभ्यास केला, हे मात्र त्या मजकुरात असेल तर बरोबर आहे.

राहिले हिरे. आघातात खडकातील ग्रॅफाइटचे हिरे झाले आणि त्यांचे एकूण वजन ७२ हजार टन असावे, असा अंदाज सांगितला जातो; पण एकेक कण मिलिमीटरच्या अंशाएवढा, सूक्ष्मदर्शकाखेरीज न दिसणारा आणि दागिन्यांच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. असे कण असलेला सुवाइट हा आघातातून तयार झालेला दगड सेंट जॉर्ज चर्चला वापरला आहे, मात्र जुन्या घरांपैकी कित्येक लाकडी सांगाड्याची आहेत. चर्चच्या करड्या भिंतीत नुसत्या डोळ्यांना जे काळपट ठिपके दिसतात, ती आघाताच्या उष्णतेने वितळून थिजलेल्या खडकाची काच आहे.