सर, पोरं लिहूनच राहिली

सर, नमस्कार.

आठवीच्या वर्गात आम्ही करतो त्या पॉडकास्टवर मी लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा हातात चहा होता, तेव्हा त्यातलं बरंचसं पटलंही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सर 32 वर्षं शिकवून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, पोरं आधीच मोबाइलला चिकटलेली, आता मॅडमनीच तो वर्गात आणला. रेडिओ आम्हीही शाळेत ऐकवला, मग यात नवं काय? तेवढ्या तासांत निबंध घेतले असते तर पोरं लिहायला शिकली असती. 'काहून' आणि 'करून राहिलो' शाळेच्या नावावर कशाला? आणि शेवटचं, माईक नेहमी हुशार पोरंच धरतात, बाकीच्यांनी काय करायचं?

मोबाइलचं आधी उरकून टाकते. वर्गात मोबाइल एकच, माझा जुना, काच तडकलेला. त्यात सिमसुद्धा नाही.

ऐकवण्याबद्दल मात्र तुम्ही अर्धे बरोबर आहात. सुरुवातीला मी 20 मिनिटांचा एक तयार भाग सलग लावला होता. सातव्या मिनिटाला मागच्या बाकावर पेनाच्या टोपणांची मॅच रंगली होती. नुसतं लावून देणं म्हणजे शिकवणं नव्हेच. आता दोन-तीन मिनिटं लावते, थांबवते, "काय ऐकलं?" विचारते आणि उत्तरं भलतीच आली की तोच तुकडा पुन्हा लावते. रेडिओत नेमकं हे जमत नव्हतं. नागपूर आकाशवाणी 1948 पासून आपल्या घराघरात आहे, पण कार्यक्रमाची वेळ आणि आपला तास जुळायला हवा, आणि एक वाक्य हुकलं की हुकलं. पॉडकास्ट हा शब्द 2004 मधला. आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट. आयपॉड 2022 मध्ये बनायचाही बंद झाला, माझ्या वर्गातल्या एकाही पोराने तो हातात धरलेला नाही. नाव तेवढं राहिलं.

आता निबंधाचं. इथे मात्र मला तुमच्याशी भांडायचंच आहे.

एका मुलाने मारबत हा विषय घेतला. राहायला इतवारीत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे मोठाले पुतळे निघतात त्या मिरवणुकीची गर्दी त्याच्या दारातच. त्याने लिहून आणलं: 'मारबत हा नागपूरचा ऐतिहासिक उत्सव आहे. तो मोठ्या उत्साहाने साजरा केला जातो.' वहीत असतं तर मी दहापैकी सात दिले असते. तुम्हीही दिले असते. त्याने ते रेकॉर्ड केलं, हेडफोन लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "मॅडम, हे तर गाइडवानी वाजून राहिलं." मी अजून एक शब्द बोलले नव्हते. लाल पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

दुसऱ्या खर्ड्यात 'ऐतिहासिक' गेलं. तिसऱ्याची सुरुवात अशी होती: 'त्या दिवशी आमच्या गल्लीत दूधवाला सकाळी पाचलाच येऊन जाते, कारण नंतर त्याची गाडी निघत नाही.' हे वाक्य कुठल्या गाइडात आहे, सांगा. मग सालांवरून वर्गात दोन तट पडले. त्याने पिवळी मारबत आधीची लिहिली होती. घरी विचारून आला तर उलट निघालं: काळी 1881 ची, पिवळी 1885 ची. नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाई इंग्रजांना मिळाल्या म्हणून त्यांच्या नावाने काळी मारबत काढतात, हेही त्याने ठोकून दिलं होतं. शेजारच्या मुलीने विचारलं, "तू पाहाले गेला होता का?" पुढच्या खर्ड्यात त्या वाक्याला 'असं लोक सांगतात' ही शेपटी लागली. स्रोत, पुरावा, दंतकथा हे शब्द मी या वर्षी फळ्यावर लिहिलेलेच नाहीत.

पाच खर्डे झाले, सर. 4 मिनिटं 10 सेकंदांच्या भागासाठी. निबंध आपणहून पाचदा लिहिणारं पोर तुम्हाला 32 वर्षांत किती वेळा भेटलं? मला 11 वर्षांत हे पहिलंच. अक्षर सुधारलं नाही, तो मुद्दा तुमचा.

खर्चाबद्दल दुसऱ्या एका वाचकाने विचारलं होतं, तेही इथेच सांगते. प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत दोन सतरंज्या टांगल्या, की आवाज घुमत नाही. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला. अगदी समोर धरला की 'प', 'फ', 'भ' थपडा मारल्यासारखे येतात. कापाकापी ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरवर, ते फुकट मिळतं. मोनो आणि 64 केबीपीएसवर एमपीथ्री काढली तर पाच मिनिटांचा भाग 2.4 एमबीत बसतो, आईच्या मोबाइलमधला डेटा संपत आला असला तरी उतरतो. खरा खर्च घामाचा. मार्चनंतर कूलर बंद करून पाच मिनिटं रेकॉर्डिंग करायचं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको.

भाषेचं. निवेदन प्रमाण मराठीत असावं हे मला मान्य आहे, आणि ते मी करून घेते. पण मुलाखतीला मी कात्री लावणार नाही. एका मुलीचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. तिने त्यांना संत्र्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आंबियाचा माल दिवाळीच्या आसपास येते अन् मृगाचा होळीले." संत्र्याच्या दोन बहारांचं, म्हणजे वर्षातल्या दोन पिकांचं, अख्खं गणित एका वाक्यात. याचं 'आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या सुमारास काढणीस येतात' असं केलं तर ते शुद्ध होईल, पण मग ते तिचे वडील राहणार नाहीत, कृषी विभागाचं पत्रक होईल. तो भाग तिने घरी लावला तेव्हा म्हणे वडिलांनी तीनदा ऐकला.

तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगते. पहिला भाग मी सगळ्यांना ऐकता येईल असा टाकला होता. मुलांची पूर्ण नावं, तुकडी, सगळं त्यात. रात्री साडेदहाला एका आईचा फोन आला: "मॅडम, माझ्या पोरीचा आवाज कोण कोण ऐकून राहिलं, तुम्हाला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. त्याच रात्री काढून टाकला. डिजिटल माहितीबद्दलच्या 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे, आणि मी साधी चिठ्ठीसुद्धा पाठवली नव्हती. आता संमतीपत्र आधी, आडनाव कुठेच नाही, आणि भाग फक्त वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर.

राहिला शेवटचा प्रश्न, आणि तोच मला झोंबला, कारण तो खरा आहे. पहिल्या तीन भागांत त्याच चार पोरांचे आवाज होते. माझ्या लक्षात आलं नाही, तुमच्या आलं. चौथ्यापासून बोलणारा प्रत्येक वेळी नवा, असा नियम केला. तरी एक मुलगी माईकजवळ येतच नाही. दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. ती आता कापाकापी करते. वर्गात वर्षभर तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलाय, पण कोणाचा श्वास कुठे तुटतो ते तिला बरोबर कळतं. गेल्या भागाची प्रस्तावना माझी होती. त्यातले 14 'म्हणजे' तिने काढून टाकले आणि तीन ठेवले. तीन का ठेवले, विचारलं. वहीत मान घालून म्हणाली, "सगळेच काढले तर तुम्ही वाटत नाही, मॅडम."