काउंटीत साहेब एक नसतो

अमेरिकेतली काउंटी कार्यालयं झटपट चालतात आणि ही सगळी संगणकाची किमया, असं एका लेखात वाचलं. मी टेक्सासमध्ये राहतो, त्यामुळे हे पटलं नाही. काउंटी म्हणजे आपला जिल्हा असं आपण समजतो, पण इथे जिल्हाधिकाऱ्यासारखा सगळ्यांवरचा साहेबच नसतो. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), काउंटी क्लार्क (नोंदी आणि दस्त सांभाळणारा), कर वसूल करणारा अधिकारी, सगळे स्वतंत्रपणे निवडून येतात. काउंटीचं मंडळ (त्याला 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात, गंमतच आहे) त्यांचं बजेट ठरवतं, पण त्यांना घरी पाठवू शकत नाही. म्हणून एका खात्यात चोख काम आणि शेजारच्या खात्यात आनंदीआनंद, असं खुशाल चालतं.

कार्यालयात माणसं किती ठेवायची हे बरंचसं मालमत्ता करावर अवलंबून. इथल्याच लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत लोक होते अवघे ६४, तरी तिला स्वतःचा शेरीफ आहे, क्लार्क आहे. तेलविहिरींवरच्या कराचा पैसा! उलट लॉस एंजेलिस काउंटीत कोटीभर लोक आणि मंडळात पाच जण; ते नऊ करायचं मतदारांनी २०२४ मध्ये ठरवलं.

आपल्याकडे सातबारा मोबाइलवर दिसतो हे खरं. पण फेरफाराची (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची) नोंद तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) घ्यायची आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. त्या तलाठ्याकडेच शेजारच्या सजाचा (दुसऱ्या तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांचा) अतिरिक्त कार्यभार असेल, तर सर्व्हर कितीही वेगवान असो, अर्ज पडूनच राहणार.