समोरून बघणारे आणि बाजूने बघणारे

आमच्याकडे ज्या खोलीला होम थिएटर म्हणायचं ठरलंय ती साडेदहा बाय अकराची बेडरूम आहे. त्यात एक लोखंडी कपाट, एक दिवाण, बाबांची आरामखुर्ची आणि कपाटामागे उभी करून ठेवलेली इस्त्रीची फळी. बजेट चाळीस हजार. वर एक रुपया नाही, हे बायकोने इतक्या शांतपणे सांगितलं की मी पुढे काही बोललोच नाही.

अंतर मी आधीच मोजून ठेवलं होतं. भिंतीपासून आरामखुर्चीत टेकलेल्या डोक्यापर्यंत साडेसात फूट. नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन पडद्याने भरला की पिक्चर थिएटरात बघितल्यासारखा वाटतो म्हणतात, आणि साडेसात फुटांवरून ५५ इंची टीव्ही बरोब्बर तेवढा कोन भरतो. म्हटलं चला, निम्मं काम झालं. मग उत्साहाच्या भरात सगळ्यांना घेऊन दुकानात गेलो.

आईने पर्समधून शिवणाची टेप काढली. मला वाटलं ब्लाउजचं माप द्यायला मध्ये कुठे थांबायचंय. तर नाही, तिने सरळ डिस्प्लेवरच्या टीव्हीला टेप लावली आणि हाक मारली, "अरे, हा ४८ च भरतोय. सात इंच कुठे गेले?" सेल्समन पोरगा हसत म्हणाला, काकू, टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. त्यावर बाबा म्हणाले, म्हणजे विकायचा तिरपा आणि लावायचा आडवा. बाबा बँकेतून रिटायर झालेत, आकडा दिसला की त्यांना राहवत नाही. पोरगा सांगत होता, सर, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ झालाय, सरळ दहा टक्के स्वस्त. बाबांनी तिथेच त्याला थांबवलं. "१२८ चे ११८ झाले. म्हणजे दहा नाही, पावणेआठच्या जरा वर. उरलेले सव्वादोन टक्के कुणाच्या खिशात गेले?" पोरगा पाणी आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

दुकानातल्या सगळ्या टीव्हींवर एकच पिक्चर चालू असतो. पोपट, मध, मध टपकतानाचा स्लो मोशन, मग परत पोपट. ब्राइटनेस फुल, रंग असे की पोपटाला स्वतःला लाज वाटावी. आता माझ्या उभ्या आयुष्यात मी घरी बसून मध टपकताना बघितलेला नाही. मला रात्री लाइट घालवून अंधारातले पिक्चर बघायचेत, ज्यात कोणीतरी टॉर्च घेऊन जिन्यावरून चाललंय आणि काय चाललंय ते आपल्यालाही कळत नाही. म्हणून मी पेनड्राइव्हवर असा एक काळाकुट्ट सीन नेला होता. तो लावल्यावर अर्ध्या टीव्हींवर रात्रीची संध्याकाळ झाली. पोरगा म्हणाला, सर, हा कंटेंटचा प्रॉब्लेम आहे.

खोक्यांवरच्या शब्दांचं तर विचारूच नका. क्यूएलईडी म्हणजे शेवटी मागे लाइट लावलेला एलसीडीच, फक्त रंग सुधारणारा एक थर जास्तीचा. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःचा स्वतः पेटतो आणि विझतो, त्यामुळे तिथे काळा म्हणजे काळाच, पण ती गल्ली आमच्या बजेटची नव्हे, तिकडे मी फक्त चक्कर मारून आलो. आणि एचडीआर, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार दोन्ही ठळक दाखवायची सोय, तर स्वस्तातल्या स्वस्त खोक्यावरही छापलेलं असतं, पण तेवढा उजेड पाडायची ताकद पॅनलमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्यात, नसेल तर त्या टीव्हीला नोटेशन वाचता येतं, गळा नाही.

भाचा फोनवर होता. इंजिनीअरिंगला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. "मामा, एकशेवीस हर्ट्झशिवाय घेऊ नकोस." म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला एकशेवीस वेळा बदलायचं. मी म्हटलं अरे पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, उरलेल्या फ्रेम आणायच्या कुठून. तर त्या म्हणे टीव्ही मधल्यामध्ये स्वतः तयार करतो. तो मोड दुकानात चालूच होता, म्हणून तर करोडोंचा पिक्चर दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसत होता.

पण खरी भानगड पॅनलची झाली आणि ती बहुतेक खोक्यांवर लिहिलेलीच नसते. या किमतीत दोन जाती येतात. व्हीए पॅनलचा काळा रंग चांगला, समोर बसलात तर रात्रीचा सीन मस्त दिसणार, पण बाजूला सरकलात की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूने पण नीट दिसतं, पण कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण हजारास एक, व्हीएचा तीन-चार हजारांस एक, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत आयपीएसचा काळा हा राखाडीच. वर एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या साइजला वेगवेगळं पॅनल निघू शकतं, म्हणजे शेजाऱ्यांचा बघून घेतला असंही करता येत नाही.

आता आमच्या खोलीत समोर बाबांची खुर्ची आणि बाजूला भिंतीलगत दिवाण, त्यावर आई, कारण गुडघ्यांमुळे तिला पाय पसरून बसावं लागतं. म्हणजे व्हीए घेतला तर बाबा खूश आणि आईच्या मालिकेतल्या सुना फिकट. आयपीएस घेतला तर आई खूश आणि माझा जिन्यावरचा टॉर्चवाला राखाडी. मी हे सगळं भर दुकानात हातवारे करून समजावलं. बायको म्हणाली, "एवढं कळतंय तर दिवाण हलव ना." आई लगेच, "माझा दिवाण तिथेच राहणार, खिडकीचं वारं तिथेच येतं."

त्यात आईची मालिका येते सेट टॉप बॉक्सवरून, साध्या एसडी पॅकमधून. ते चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि टीव्ही ३८४० बाय २१६०, म्हणजे फोरके. बाबांनी मोबाइलवर गुणाकार करून जाहीर केलं, बरोब्बर वीसपट! म्हणजे चॅनलकडून एक ठिपका येणार आणि उरलेले १९ टीव्हीने स्वतःच्या मनाने भरायचे. आई म्हणाली, मग मालिकावाले काय वेगळं करतात. एचडी पॅक घे म्हटलं तर त्याचे दर महिन्याला जास्तीचे पैसे बाबांना मान्य नाहीत, त्यांचं म्हणणं डोळे चांगले पाहिजेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळंच फोरके दिसतं.

शेवटी व्हीए घेतला. सदतीस हजारात बसला, वर साउंडबारला पुरेल एवढं काही उरलं नाही त्यामुळे आवाज सध्या टीव्हीच्या खालून निघून थेट भिंतीतल्या पालीला ऐकू जातो. लावायला आलेल्या माणसाने खोली बघितली, दिवाण बघितला, आईकडे बघितलं आणि विचारलं, कुठे लावू? आई म्हणाली, "माझ्यासमोर."

तर टीव्ही आता दिवाणासमोरच्या भिंतीवर आहे. वारं पण येतं. आईने बाबांची खुर्ची दिवाणाला चिकटवून घेतली, त्यामुळे त्यांनाही समोरूनच दिसतं. बायको दिवाणाच्या पायथ्याशी. मी कपाटापाशी स्टूल टाकून बसतो, तिथून सगळ्या सुना फिकट दिसतात, आणि रात्री साडेदहाला ते तिघं झोपायला उठेपर्यंत पेनड्राइव्ह माझ्या खिशात असतो.